मोठ्या आवाजात लावा

२३ जून

संघपालला शिंक आली. शेवटचं कडवं, तीनदा बिघडून चौथ्यांदा नीट चाललेलं — आणि शिंक! पण शिंकला तो नेमका ठेक्यावर. सिद्धलिंग म्हणाला, राहू दे. संघपाल म्हणाला, म्हणजे आता दर कार्यक्रमात मला तिथे शिंकावं लागणार. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शिंक राहिली.

औशात दालमिलच्या मागच्या गोदामात आमचं रेकॉर्डिंग चाललंय. तूर गेली, धूळ राहिली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदाना ठोकलाय. ठोकायचं काम सिद्धलिंगचं. तो गिटार वाजवतो आणि उरलेल्या वेळात लोखंडी गेटं वेल्ड करतो. संघपाल ड्रम वाजवतो, नांदेडला पोस्टात आहे, रविवारी एसटीने येतो. आणि मी. आठवडाभर लातूरला क्लासमध्ये डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना बायोलॉजी शिकवते आणि रविवारी इथे येऊन ओरडते.

नाक अजून चुरचुरतंय.

३० जून

पत्रा गळला, बारदाना भिजला, आता ड्रमचा आवाज ओल्या गोधडीसारखा येतो. संघपाल म्हणतो, मला हाच आवाज हवा होता. या माणसाला प्रत्येक चूक आधीपासूनच हवी असते.

१४ जुलै

सातवं गाणं झालं. एका दमात! मध्ये कुणी शिंकलं नाही, लाइट गेली नाही, दालमिलच्या वॉचमनचा फोन वाजला नाही.

बाकीच्या गाण्यांत मी ओरडते. हे ओरडायचं गाणं नाही. लातूरला नळाला पाणी सुटायच्या आधी पाइपात हवा फिरते, त्यावर लिहिलंय. लहानपणी एका उन्हाळ्यात आई आणि मी त्या नळापाशीच मुक्काम ठोकला होता.

नळाला कान लावून बसलेय मी,
आत कुणीतरी चालतंय.

हे लिहून ठेवते, कारण उद्या लाज वाटेल. सातवीत असताना प्रार्थनेच्या वेळी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, 'दीपमाला, तू नुसते ओठ हलव.' माझा आवाज घोगरा आहे. जन्मापासून. फोनवर लोक मला 'बोला साहेब' म्हणतात. तर शाळा सुटेपर्यंत मी ओठच हलवले. ओरडताना घोगरेपणा लपतो, कळत नाही. सातव्या गाण्यात लपायला जागाच नाही. मला एवढंच हवंय की ओळखीचं नसलेलं कुणीतरी ते ऐकावं आणि थांबावं. हे गाणं आहे म्हणून थांबावं. माझ्यावर दया येऊन नाही, मी मैत्रीण आहे म्हणून नाही. यासाठीच हा सगळा खटाटोप चाललाय. दोघांना सांगितलं नाही, सांगणारही नाही.

११ ऑगस्ट

नावावरून भांडण. बँडचं नाव तर कॉलेजपासून ठरलेलंच — बुजगावणं. तेव्हा आम्ही तिघेही तसेच दिसायचो. अल्बमचं नाव मी सुचवलं, 'राखण'. सिद्धलिंगने विचारलं, कशाची राखण? संघपाल म्हणाला, तेच तर कुणाला माहीत नाही, म्हणून भारी. हे ऐकून सिद्धलिंग तयार झाला; एखादी गोष्ट कळली नाही की तो ती मान्य करतो.

सीडी कोण घेतंय आता? मेमरी कार्डं करायची ठरली. कुठल्याही मोबाइलला चालतं, ट्रॅक्टरच्या टेपला चालतं. पुठ्ठ्याच्या पाकिटात कार्ड, पाकिटावर बुजगावण्याचं चित्र — मडक्याचं डोकं, फाटका सदरा, हात पसरलेले. वर 'बुजगावणं', खाली 'राखण'. एकदम तळाला सिद्धलिंगने स्वतःच्या अकलेने एक ओळ छापून घेतली: मोठ्या आवाजात लावा.

मी म्हटलं, हे कशाला? तो म्हणाला, रॉक आहे, हळू लावला तर काय उपयोग.

दिसतंय मात्र देखणं.

२९ सप्टेंबर

अल्बम प्रकाशित! लातूरला एका मंगल कार्यालयाचा छोटा हॉल. मोठ्या हॉलमध्ये साखरपुडा होता. आमच्याकडे सुरुवातीला बरीच गर्दी होती, मग त्यांना कळलं की जेवण पलीकडे आहे. राहिले ते माझ्या क्लासची काही पोरं (परीक्षेत येईल का विचारत होती), सिद्धलिंगची गिऱ्हाइकं आणि आई.

आई शेवटपर्यंत बसली. घरी येताना रिक्षात म्हणाली, 'चांगलं झालं. पण त्यात कोण मेलंय का गं?'

सातवं गाणं सुरू झालं तेव्हा पलीकडून नवरीच्या मामाला माइकवरून बोलावत होते. मामा काही सापडेना. गाणं संपलं तेव्हा सापडला.

६ ऑक्टोबर

इंटरनेटवर अल्बम टाकून आठवडा झाला. ऐकणारे आम्हीच. पोस्टातल्या एका साहेबांनी संघपालला अभिप्राय दिला, 'प्रयत्न स्तुत्य.' पोस्टातला माणूस, शिक्का मारून मोकळा झाला.

आज कंधारला एका कॉलेजात कार्यक्रम होता, तो रद्द झाल्याचं तिथे गेल्यावर कळलं. पाऊस मजबूत. कार्डांचं खोकं मोटारसायकलवर भिजलं असतं, म्हणून सिद्धलिंगच्या मामांकडे ठेवून आलो. अमरेशमामांचं तिथे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, औषधं, फवारणीचे पंप. मामांनी खोकं गल्ल्याशेजारी ठेवलं आणि चहा पाजला. पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, 'चांगली वस्तू काढलीत.'

घराबाहेरच्या माणसाचे हे पहिले चांगले शब्द. सध्या तेवढ्यावरच आहे.

२१ ऑक्टोबर

सगळी कार्डं संपली!!

अमरेशमामांचा फोन आला सिद्धलिंगला. खोकं रिकामं, अजून पाठवा, लोक विचारून राहिलेत. सिद्धलिंगने मला फोन केला, मी संघपालला. संघपाल काउंटरवर होता, म्हणाला, 'रजिस्टर करायचं का साधं?' मग त्याला कळलं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कंधार! पुणं नाही, मुंबई नाही, कंधार. तिथल्या माणसांनी ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं, दुसरा घ्यायला आला. आईला साखर आणायला पाठवलं, शिरा केला. थोडा लागला, तसाच खाल्ला.

२२ ऑक्टोबर

डुकरांसाठी घेतात.

२३ ऑक्टोबर

काल एवढंच लिहून झोपले. आता नीट लिहिते.

शेतात रानडुकरं शिरतात. पीक खातात त्याहून जास्त तुडवतात. मग शेतकरी भोंगा लावतात — कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, असलं काहीबाही भरलेली कार्डं बाजारात मिळतात. अमरेशमामांनी आमचं पाकीट बघितलं. बुजगावणं. राखण. मोठ्या आवाजात लावा. यात चुकायला जागा कुठे आहे? मीही तेच समजले असते.

आणि चालतंय! भोंग्यावर पहिलं गाणं लागलं, मी ओरडले, डुकरं कुंपण तोडून पळाली. वाघाच्या कार्डाला ती दाद देत नाहीत म्हणे. वाघ त्यांनी बघितलेला नाही. मीही त्यांनी बघितलेली नाही, पण माझ्यात काहीतरी आहे.

सिद्धलिंग इतका हसला की त्याला उचकी लागली. संघपाल म्हणाला, श्रोता तो श्रोता. मी दोघांशी बोलणार नाहीये.

१० नोव्हेंबर

बोलावं लागलं. कार्डं परत भरायची होती.

अभिप्राय येताहेत. मामा फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात. आम्ही गोदामात बसून ऐकतो. कुणी म्हणतं, एक नंबर लई जबरी हाय. कुणी म्हणतं, तीन नंबरमधी ते शिंकतंय ना, तितं रोहीसुदिक पळतेत. नीलगाईसुद्धा पळवल्या म्हणून संघपालची छाती फुगली! पाचव्यात गिटार फार वेळ चालते, तोवर जनावर परत येतं, ते कमी करा. सिद्धलिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन वर्षं घासली होती त्याने ती गिटार.

आणि सात नंबर काढून टाका. हे जवळपास सगळ्यांनी सांगितलं. सात नंबरला डुकरं माघारी येतात.

म्हणजे ओरडले की पळतात, गायले की परत येऊन पीक खातात. माझ्या गाण्याची एवढी सविस्तर समीक्षा आजवर कुणी केली नव्हती.

८ डिसेंबर

लातूरच्या कृषी प्रदर्शनात कार्यक्रम. एका बाजूला ठिबक सिंचन, दुसऱ्या बाजूला मुऱ्हा जातीचा रेडा, मध्ये आम्ही. आयुष्यातली सर्वांत मोठी गर्दी. पहिल्या गाण्याला सगळ्यांनी कानांत बोटं घातली आणि समाधानाने माना हलवल्या. 'चांगलं हाय.' दोन गाण्यांच्या मध्ये एका आजोबांनी हात वर केला. मला वाटलं फर्माईश. विचारलं, 'किती एकरावर चालतंय?'

संघपाल माइकवर म्हणाला, वारा बघून.

रेड्याला हलवावं लागलं. मालकाने लेखी तक्रार केली.

आई समोर होती. या वेळी तिने मेलेल्यांची चौकशी केली नाही. शेजारणीला सांगत होती की आमची पोरगी शेतीच्या उपयोगाचं काम करते.

१५ डिसेंबर

अमरेशमामा ऐकेनात. पुढच्या खेपेला सात नंबर काढाच, गिऱ्हाईक कार्ड परत आणतंय. मी नाही म्हटलं. सिद्धलिंग म्हणाला, एक गाणं तर आहे. मी म्हटलं, मग तुझी गिटार काढू? तो म्हणाला, ती तर मी काढलीच. खरंच काढली होती, मला न विचारता! खूप भांडलो. शेवटी मामा म्हणाले, ताई, तुम्ही स्वतः येऊन बघा एकदा, मग सांगा.

जाते. बघते. आपल्याच गाण्यावर डुकरं हरभरा खाताना बघायचीच असतील तर बघू.

२२ डिसेंबर

आत्ताच परत आले. जमेल तसं लिहिते.

कंधारच्या अलीकडे सरजाबाईंचं शेत आहे. साठीच्या असतील, एकट्याच राखणीला असतात, मुलगा हैदराबादला. मचाणावर मला चढवलं, शेंगदाणे दिले, पाय पोटाशी घेऊन बसायला सांगितलं. समोर ज्वारी, कडेला हरभरा. दिवस मावळत होता. म्हणाल्या, 'तूच का ती वरडणारी? आवाजावरून मला गडी वाटला व्हता, माय.'

डुकरं ओढ्याकडून आली. सरजाबाईंनी एक नंबर लावला. पळाली, खरंच जीव घेऊन पळाली. बघताना मला थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. दोन, तीन, चार, बांधापलीकडे सगळं शांत. मग मधली दोन सोडून त्यांनी सातवं लावलं. मी खाली मान घातली.

सरजाबाईंनी कोपराने ढोसलं. वर बघितलं तर डुकरं आलेली. पण खात नव्हती. बांधावर ओळीने उभी होती. सगळ्यांत पुढे एक थोराड मादी, मागे पिल्लं, आणि कान सगळ्यांचे भोंग्याकडे. हरभरा तोंडाशी होता, त्याला तोंड लावलं नाही. गाणं संपलं. सगळी थोडी थांबली. मग वळून ओढ्याकडे निघून गेली, शहाण्यासारखी.

मी विचारलं, मग लोक म्हणतात खातात ते? सरजाबाई म्हणाल्या, 'कोन बघतंय बसून? आली म्हंजी खाणारच, असं धरून चालतेत. मी बघते. सात नंबरला त्यायनी हरबऱ्याचा एक घाटा मोडला न्हाई.' मग म्हणाल्या, 'मी रोज लावते. मलाबी बरं वाटतंय.'

थांबली. गाणं आहे म्हणून थांबली. मला हवं होतं तसं, अगदी तसंच. डुकरं आहेत, माहीत आहे. पण सातवीतल्या बाईंपेक्षा त्यांना जास्त कळतं!

२४ डिसेंबर

क्लासमध्ये प्राण्यांचं वर्तन शिकवलं. एखाद्या आवाजाने काही इजा होत नाही हे कळलं की जनावर त्याला सरावतं, पळायचं सोडतं. आणि एकदा का आवाजाबरोबर दचका बसला की तो आवाज ते विसरत नाही. एका पोराने विचारलं, मॅडम, तुमच्या डुकरांचं पण तसंच का? पोरांना सगळं कळतं.

तसंच असेल. मला तसं नकोय. पुस्तकात काही का असेना, ती मादी ऐकत होती.

१२ जानेवारी

दोघांना घेऊन गेले. त्यांनीही बघितलं. बांधावर सगळी हजर. सिद्धलिंगने सातवं परत लावायला सांगितलं. मग म्हणाला, पाचव्यातली गिटार परत घालतो.

२ फेब्रुवारी

अमरेशमामांचा फोन. एका गावातल्या पोरांना फक्त सात नंबर हवंय. बाकी काही नको, तेवढंच. दहाबारा कार्डं.

मामांना परत परत विचारलं, चुकून तर नाही ना? फक्त सात? मामा म्हणाले, हाव ताई, सातच म्हणून राहिलेत, शांत हाय ते.

माणसं! माणसांनी मागितलं! ओळखीची नाहीत, मैत्रिणी नाहीत. मी स्वतः बसून एकेका पाकिटावर गाण्याचे शब्द लिहिले, खाली सही केली. आईने पाकिटं चिकटवली. आई म्हणाली, सही जरा नीट कर, लोक ठेवतील जपून.

१२ फेब्रुवारी

सरजाबाईंचा फोन आला. त्या आपण होऊन फोन करत नाहीत.

त्या पोरांनी ओढ्यावर जाळी लावली. भोंग्यावर सात नंबर लावलं. कळप आला, बांधावर उभा राहिला. उभ्या उभ्या मारली. काठ्यांनी. मोठी मादी पहिली.

सरजाबाई शेतकरी आहेत. डुकरांनी त्यांचं काय काय खाल्लंय ते मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, 'पळत्याला मारलं असतं तर मी काय बोलले नसते, माय. ती ऐकून राहिली व्हती.'

१३ फेब्रुवारी

क्लासला गेले नाही.

१६ फेब्रुवारी

मामांना सांगितलं, सात नंबर विकू नका. मामा बिचारे रडकुंडीला आले, त्यांना काय ठाऊक. पण म्हणाले, मी न्हाई दिलं तरी आता एकमेकाच्या मोबाइलवरून घेतेत. परवा दुसऱ्या गावातही लावलं. तिथेही आली. तिथेही उभी राहिली. माझ्या अक्षरातली पाकिटं त्या पोरांच्या खिशात असतील.

संघपाल म्हणाला, पोलिसांत जाऊ. सिद्धलिंग म्हणाला, सांगणार काय? गाणं फार चांगलं झालंय म्हणून?

कुणी हसलं नाही.

गाणं परत घेता येत नाही. पोरांना थांबवता येत नाही. एकच करता येतं, ते मीच वर्गात शिकवलंय. संध्याकाळी दोघांना सांगितलं. सिद्धलिंग म्हणाला, नको दीपे. हे एक गाणं नको. संघपालने त्याच्या हातात गिटार दिली.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर रोज सरजाबाईंच्या मचाणावर बसून, सिद्धलिंगच्या गिटारीवर, भोंग्यात सातवं गाणं गायले. तीच चाल, तेच शब्द. उरलेली डुकरं यायची, बांधावर उभी राहायची, कान द्यायची. दुसऱ्या कडव्यात, ती सगळ्यांत जवळ आली की, मी अंगात होता तेवढा जीव काढून ओरडायचे.

जमलं. आज पहिल्या ओळीलाच सगळी पळाली. ऐकायला एकही थांबलं नाही.